वाचकांचे प्रश्न : दूरचे कण, प्रकाशाचा वेग आणि आइनस्टाइन

या महिन्यात क्वांटमवरचे इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. सगळ्यांचा रोख एकच आहे, एन्टँगलमेंट, म्हणजे लांबच्या दोन कणांची उत्तरं एकमेकांशी जोडलेली असणं, खरी असेल तर प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही या नियमाचं काय करायचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, २०२२ च्या फिजिक्सच्या नोबेलपासून सगळीकडे वाचतोय की दोन एन्टँगल्ड कणांपैकी एकाला मोजलं की दुसऱ्याला ताबडतोब कळतं, मग तो कितीही लांब असो. मला यात एवढं नवल काय तेच कळत नाही. कोल्हापुरी चपलांच्या जोडातली एक न बघता पिशवीत घालून मुलाबरोबर अमेरिकेला पाठवली आणि इथे उरलेली पिशवी उघडली, डावी निघाली म्हणजे तिकडे उजवी. यात वेगाने काय गेलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काहीच गेलं नाही, चपलांच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आणि आइनस्टाइनचं म्हणणंही साधारण हेच होतं. १९३५ साली पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासोबत त्याने जो पेपर लिहिला त्यातला मुद्दा असा की लांबच्या कणाला हातही न लावता त्याचं उत्तर मला आधीच सांगता येत असेल तर ते उत्तर त्या कणाकडे आधीपासून असणारच, आणि क्वांटम थिअरीत ते कुठे लिहिलेलं दिसत नाही म्हणजे थिअरी अपुरी आहे. पुढे १९४७ मध्ये मॅक्स बॉर्नला लिहिलेल्या पत्रात दूरवरून होणाऱ्या भुताटकीसारख्या परिणामांवर आपला विश्वास नाही असंही त्याने लिहिलं. आइनस्टाइन म्हातारपणी हट्टाला पेटला होता वगैरे जे सांगतात ते मला अजिबात पटत नाही, त्याने दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं होतं.

१९३५ च्या पेपरनंतर जवळजवळ तीस वर्षं हा वाद नुसता चर्चेचा राहिला. १९६४ मध्ये जॉन बेलने, मूळचा बेलफास्टचा, नोकरी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात आणि तेव्हा रजेवर अमेरिकेत, दाखवून दिलं की चपलांचा हिशोब आणि क्वांटमचा हिशोब यांची उत्तरं वेगळी येतात आणि तो फरक प्रयोगाने मोजता येतो.

हा फरक एका खेळात मांडते, कागद-पेन घेऊन बसा म्हणजे पटेल. दोन मैत्रिणी वेगवेगळ्या खोल्यांत आहेत, फोन नाही. प्रत्येकीसमोर एक नाणं उडवलं जातं, छापा किंवा काटा, आणि ते बघून तिने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नियम असा की दोघींनाही काटा आला तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. खेळाच्या आधी बसून काय वाट्टेल ते ठरवून घ्या. आता बघा, पहिलीचं छाप्याचं उत्तर दुसरीच्या छाप्याच्या उत्तराशी जुळलं पाहिजे आणि काट्याच्या उत्तराशीही, म्हणजे दुसरीची दोन्ही उत्तरं सारखीच झाली. पहिलीचं काट्याचं उत्तरही दुसरीच्या छाप्याच्या उत्तराशी जुळलं पाहिजे, म्हणजे पहिलीचीही दोन्ही तीच. मग काटा-काटा आला की दोघी तेच बोलणार आणि हरणार. चारात तीन, ७५ टक्के, याच्या वर कुठलीही युक्ती जात नाही. चपला इथेच अडकतात, कारण चप्पल म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं उत्तर.

आता दोघींना एन्टँगल्ड जोडीतला एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, द्या. पहिलीने छापा आला तर पोलरायझर (ठराविक कोनातला प्रकाशच पार सोडणारी पट्टी) ० अंशावर ठेवायचा आणि काटा आला तर ४५ वर, दुसरीने छाप्याला साडेबावीस आणि काट्याला उणे साडेबावीस. फोटॉन पार गेला तर हो, अडला तर नाही. दोन पोलरायझरमध्ये जो कोन आहे त्याच्या कोसाइनचा वर्ग म्हणजे उत्तरं जुळण्याची शक्यता. तीन वेळा हा कोन साडेबावीसच येतो, फक्त काटा-काट्याला साडेसदुसष्ट होतो जिथे उत्तरं न जुळणंच आपल्याला हवंय, आणि हिशोब केला की चारांपैकी प्रत्येक वेळी जिंकायची शक्यता ८५.४ टक्के निघते. कुणी कुणाला निरोप पाठवलेला नाही, आणि तरी ७५ ची भिंत ओलांडली.

हे नुसतं कागदावर नाही. १९७२ मध्ये बर्कलेला फ्रीडमन आणि क्लाउझर, १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्सेला अस्पे यांनी हे मोजलं, पण प्रत्येक वेळी टीका करणाऱ्यांना कुठेतरी एखादी पळवाट सापडायची. मला सगळ्यात जास्त भावतो तो २०१५ चा नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातला प्रयोग. कॅम्पसवर १२८० मीटर अंतरावर दोन लॅब, प्रत्येकीत एका हिऱ्यात अडकलेला एक इलेक्ट्रॉन. प्रत्येक इलेक्ट्रॉनमधून निघालेला फोटॉन फायबरने मधल्या तिसऱ्या ठिकाणी जातो, तिथे दोन्ही फोटॉन नीट भेटले तरच इलेक्ट्रॉनची जोडी जमली असं धरायचं, आणि हे साधारण तासातून एकदाच जमायचं. मग दोन्हीकडे मशीनने नाणं उडवायचं, मोजायचं, उत्तर नोंदवायचं, आणि हे सगळं ४.२७ मायक्रोसेकंदांच्या आत, कारण ते अंतर कापायला प्रकाशाला तेवढा वेळ लागतो. म्हणजे इकडचं नाणं काय पडलं हे तिकडे कळायला वेळच नाही. २२० तास मोजून २४५ डाव झाले आणि १९६ जिंकले, बरोबर ८० टक्के. संख्या छोटी होती हे खरं, पण त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डरमधून फोटॉनवरचे भरपूर डावांचे निकालही आले आणि तिन्हीकडे ७५ च्या हिशोबाने हार खाल्ली.

तेव्हा चपलांचा जोड आता विसरावा लागेल. उत्तरं आधी ठरलेली आहेत आणि इकडचा प्रश्न तिकडे पोहोचत नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येत नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सापेक्षता शिकवताना आम्ही सांगत असू की दोन लांबच्या घटना एकाच वेळी घडल्या की नाही हे बघणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतं. मग एक कण मोजल्याबरोबर दुसऱ्याची अवस्था बदलते असं म्हणतात ते कोणाच्या घड्याळाने? (अकोला)

उत्तर : सर, या महिन्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा आहे. खरी अडचण इथेच आहे, नुसत्या वेगात नाही.

प्रत्यक्ष आकडे घेऊन बघू. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये फोटॉनच्या जोड्या डेलिंगा आणि लिजियांग या दोन वेधशाळांकडे पाठवल्या, त्यांच्यात अंतर १२०३ किलोमीटर, आणि तिथेही बेलची मर्यादा, म्हणजे वरच्या खेळातली ७५ ची भिंत, मोडली. समजा डेलिंगात फोटॉन आधी मोजला आणि बरोबर एक मायक्रोसेकंदाने लिजियांगमध्ये. जमिनीवरचा माणूस सांगेल की डेलिंगातल्या मापनाने लिजियांगच्या फोटॉनची अवस्था ठरवली. आता डेलिंगाकडून लिजियांगच्या दिशेला जाणारं एखादं यान घ्या आणि लॉरेन्ट्झचं समीकरण लावा, जे एका बघणाऱ्याची वेळ दुसऱ्याच्या वेळेत बदलून देतं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, त्याला १२०३ किलोमीटरने भागलं की प्रकाशवेगाचा साधारण चार हजारावा भाग येतो, म्हणजे सेकंदाला ७५ किलोमीटर. या वेगाच्या यानातून दोन्ही मापनं एकदम झाली, आणि त्याहून वेगाने जाणाऱ्याला लिजियांगचंच आधी झालं! हा वेग काही कल्पनेतला नाही, पार्कर सोलर प्रोब डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून सेकंदाला १९० किलोमीटरच्या आसपास गेलंय. त्या वेगाने त्या दिशेला जाणाऱ्यासाठी गोष्ट पूर्ण उलटी आहे, लिजियांगने डेलिंगाचं ठरवलं.

मग खरं कोण? सापेक्षता म्हणते दोघांचाही हक्क सारखा. आणि क्वांटमचं गणित इथे फार सुंदर वागतं, लांबच्या दोन मापनांचा क्रम तुम्ही कसाही लावा, आधी हे मग ते किंवा उलट, शेवटी दोन्हीकडच्या उत्तरांच्या जोड्यांची टक्केवारी जशीच्या तशी येते. कुणी कुणाला ढकललं ही गोष्ट बदलते, आकडा बदलत नाही. म्हणून मला असं वाटतं की 'एकाने दुसऱ्याला बदललं' हे वाक्यच आपण जरा जपून वापरावं, कारण ते वाक्य क्रम गृहीत धरतं आणि तो क्रम निसर्गात कुठे सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे शोधला नाही असं नाही हां. जिनिव्हात जिझॅन या फिजिसिस्टच्या ग्रुपने हा शोध किती चिकाटीने घेतलाय! त्यांनी विचार केला, समजा खरंच काहीतरी गुप्त परिणाम एखाद्या खास चौकटीत, म्हणजे ठराविक गतीने जाणाऱ्या बघणाऱ्याच्या नजरेतून, ठराविक वेगाने धावतोय, तर तो वेग किती? सातिन्यी आणि ज्यूसी या दोन गावांत १८ किलोमीटर अंतर, दोन्हीकडे फायबरने फोटॉन नेले, दोन्ही मापनं शक्य तितकी एकाच क्षणी ठेवली आणि पृथ्वी फिरत असताना दिवसभर मोजत राहिले म्हणजे कुठल्याही दिशेची चौकट निसटायला नको. २००८ मध्ये निकाल छापला, त्या चौकटीत पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या हजाराव्या भागाहून कमी धरला तर असा परिणाम प्रकाशाच्या किमान १०,००० पट वेगाचा असायला हवा. त्याआधी २००२ मध्ये त्याच ग्रुपने आणखी धाडसी गोष्ट केली होती, मापनाची उपकरणंच गतीत ठेवली. सगळं यंत्र पळवणं शक्य नाही म्हणून सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ध्वनिलहरींवरून फोटॉन परतवले, आणि मांडणी अशी की प्रत्येक बाजूच्या स्वतःच्या घड्याळाने आपलंच मापन आधी झालं. पहिल्याने दुसऱ्याला कळवावं अशी व्यवस्था असेल तर इथे दोघंही पहिले, कळवणार कोण? तरी उत्तरं तितकीच जुळलेली मिळाली.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. मी आणि माझ्या मित्राने एकेक एन्टँगल्ड फोटॉन घेतला आणि आधीच ठरवलं की मी मोजलं तर 'हो' आणि नाही मोजलं तर 'नाही', तर त्याला प्रकाशाच्या आधी मेसेज मिळेल ना? आणि एका फोटॉनने नाही जमलं तर तो त्याच्या हजार कॉप्या काढून बघेल! आणि टेलिपोर्टेशनने तरी प्रकाशाच्या आधी काही पाठवता येईल का? (लातूर)

उत्तर : तुझी दुसरी आयडिया फार मोलाची आहे, तिच्यावरून फिजिक्सचा एक मोठा नियम सापडलाय, पण आधी पहिली बघू.

तुझ्या मित्राकडचा फोटॉन मोजला तर हो किंवा नाही, अर्धे-अर्धे चान्स. तू मोजलंस तरी अर्धे-अर्धे, नाही मोजलंस तरी, तू कुठल्या कोनात मोजलंस याने सुद्धा काही फरक पडत नाही. त्याच्या वहीत नुसतं हो नाही नाही हो हो असं पडत जाणार आणि त्यात तुझा काहीही मागमूस नसणार. तुमच्या दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की मगच जुळवणी दिसते, आणि वही शेजारी आणायला एसटी, फोन, ईमेल काहीतरी लागतंच, जे प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. याला नो-सिग्नलिंग म्हणतात आणि हे क्वांटमच्या गणितातूनच सिद्ध होतं, बाहेरून चिकटवलेलं नाही.

आता कॉपीचं. निक हर्बर्ट नावाच्या अमेरिकन फिजिसिस्टने अगदी तुझ्यासारखाच विचार केला, लेझरसारख्या अॅम्प्लिफायरने एका फोटॉनचे पुष्कळ सारखे फोटॉन केले तर मित्राला कळेल की तू कोणत्या प्रकारे मोजलंस, आणि मग सिग्नल गेलाच. तो पेपर फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स या नियतकालिकाकडे आला. तपासणाऱ्यांपैकी इटलीच्या गिरार्दीने तो नाकारला आणि चूक कुठे आहे तेही लिहून दिलं. दुसरा तपासनीस अशर पेरेस, त्याला माहीत होतं की पेपर चुकीचा असणार, तरी छापा म्हणाला, कारण ही चूक शोधताना लोकांच्या हाती काहीतरी मोठं लागेल असं त्याला वाटलं. पेपर १९८२ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळं काम करून डीक्सने, दाखवलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब कॉपी काढताच येत नाही. आज क्वांटम क्रिप्टोग्राफीची सुरक्षितता या नियमावर उभी आहे. पेरेसच्या त्या निर्णयाचं मला फार कौतुक वाटतं, एवढा खुलेपणा तपासनिसांत क्वचित बघायला मिळतो.

टेलिपोर्टेशनबद्दल तू पुढे विचारलंयस, त्याचंही उत्तर हेच. १९९३ ची जी पद्धत आहे तिच्यात एका क्यूबिटची, म्हणजे क्वांटम माहितीच्या सगळ्यात छोट्या एककाची, अवस्था पलीकडे उभी करायला दोन साधे बिट नेहमीच्या मार्गाने पाठवावे लागतात आणि ते पोहोचेपर्यंत पलीकडच्या माणसाच्या हातात निव्वळ अर्धे-अर्धे चान्स असतात. आपल्या देशाचं नॅशनल क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालंय, ६००३ कोटींच्या वर, त्यात क्वांटम कम्युनिकेशनवर भरपूर काम होणार आहे, ते सुरक्षेसाठी, वेगासाठी नाही. बारावी झाल्यावर यात यायचं असेल तर लिनिअर अल्जेब्रा आत्ताच पक्कं कर, पुढे सगळीकडे तेच लागतं.

प्रश्न : एन्टँगलमेंटने लांबून उपचार करतो असं सांगून आमच्या सोसायटीत एक कोर्स विकतायत. काही तथ्य? (ठाणे)

उत्तर : नाही. लॅबमध्ये प्रचंड काळजी घेऊन तयार केलेली जोडी सुद्धा एवढासा निरोप नेऊ शकत नाही हे वरती आलंच, मग आजार बरा करणारा परिणाम कुठून जाणार. पैसे देऊ नका आणि चालू असलेली औषधं तर मुळीच बंद करू नका.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, फिजिक्स छंद म्हणून वाचतो. सिग्नल जात नाही म्हणून सापेक्षतेला धोका नाही हे उत्तर मला पळवाटेसारखं वाटतं. निसर्गाने कुणाला मेसेज पाठवता येतो की नाही याची पर्वा का करावी? हा वाद खरंच मिटलाय का? (बंगळुरू)

उत्तर : तुमची अस्वस्थता मला मान्य आहे आणि खुद्द बेललाही ती होती. माणसाला मेसेज पाठवता येणं ही फारच माणसांची भाषा झाली, निसर्गाच्या मुळाशी ती असावी हे त्याला पटत नव्हतं. बीबीसी रेडिओवर पॉल डेव्हिसला दिलेल्या मुलाखतीत तर तो म्हणाला की सगळ्यात स्वस्तातला मार्ग म्हणजे आइनस्टाइनच्या आधी, लॉरेन्ट्झकडे परत जायचं, एक खरी चौकट आहे पण ती आपल्याला दिसत नाही असं मानायचं. डेव्हिड बोम या फिजिसिस्टच्या १९५२ च्या थिअरीत साधारण हेच करावं लागतं, कण क्षणात एकमेकांना चालवतात आणि कुठलं 'आत्ता' खरं ते ठरवणारी एक लपलेली चौकट लागते. आकडे सगळे बरोबर येतात. पण जी चौकट कुठल्याच प्रयोगात दिसणार नाही अशी निसर्गानेच व्यवस्था केलीय ती मानायची, हे मला जड जातं.

मात्र दोन थिअऱ्या एकमेकींच्या जिवावर उठल्यात असं जे चित्र रंगवतात ते मी अजिबात मानत नाही, आणि यामागे ठोस कारण आहे. क्वांटम फील्ड थिअरी, जिच्यात कण म्हणजे सगळीकडे पसरलेल्या फील्डमधल्या हालचाली, ही स्पेशल रिलेटिव्हिटीत पूर्ण बसवलेली थिअरी आहे, जिथे प्रकाशही पोहोचू शकत नाही अशा दोन जागांवरची मापनं एकमेकांच्या आड येत नाहीत ही अट तिच्या पायातच घातलेली आहे. आणि १९८० च्या दशकात समर्स आणि वेर्नर यांनी सिद्ध केलं की याच थिअरीत, एकही कण नसलेल्या निर्वात अवस्थेत सुद्धा, बेलची मर्यादा मोडली जाते. सापेक्षतेच्या सगळ्या अटी पाळणारी थिअरी स्वतःहून नॉनलोकल, म्हणजे बेलची मर्यादा मोडणाऱ्या, जुळवण्या देते, मग भांडण कुठे राहिलं? जे मोडतं ते सापेक्षता नाही, मोडते ती बेलची अट, म्हणजे प्रत्येक जुळवणीचं कारण दोघांच्या सामायिक भूतकाळात सापडलंच पाहिजे ही अपेक्षा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधले एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनीही १९९१ मध्ये, दोनापेक्षा जास्त कण असतील तेव्हा सिग्नल न जाण्याची अट आणि बेलची अट या दोन्ही कशा तपासता येतील, यावर पेपर लिहिलाय.

पण मिटलाय का म्हणाल तर नाही. टक्केवारीच्या पातळीवर मिटलाय, पण त्या एका डावात, त्या एका हिऱ्यात नेमकं काय घडलं याची गोष्ट सांगायला गेलं की प्रत्येक जण वेगळी किंमत मोजतो. एव्हरेटवाले, म्हणजे अनेक जगं मानणारे, म्हणतात मापनाला एकच उत्तर येतं हेच चूक, सगळी येतात, आणि मग बेलचं प्रमेय लागूच होत नाही. टुमुल्काने २००६ मध्ये अवस्था आपोआप कोसळणारं, म्हणजे अनेक शक्यतांतून आपोआप एकच उरणारं, एक मॉडेल दिलं ज्याला खास चौकट लागत नाही आणि तरी ते नॉनलोकल आहे, एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या कणांपुरतं का होईना पण हे शक्य आहे एवढं त्याने दाखवलं. माझा कल या दिशेला आहे, कारण तिथे एकच जग राहतं आणि सापेक्षताही राहते.

तुमच्या शेवटच्या वाक्याकडे, निसर्ग सिग्नलची पर्वा का करेल. हा प्रश्न पोपेस्कू आणि रोरलिक यांनी १९९४ मध्ये उलटा करून विचारला. वरच्या खेळात फक्त एवढीच अट ठेवा की निरोप जाता कामा नये, तर जास्तीत जास्त किती डाव जिंकता येतील? त्यांना ८५.४ अपेक्षित होतं असं समजायला हरकत नाही, पण आले १०० टक्के! निरोप न पाठवता दर डाव जिंकणाऱ्या पेट्या गणितात शक्य आहेत, सापेक्षता त्यांना अडवत नाही. तरी निसर्ग ८५.४ ला थांबतो, तिथून पुढे एक डावही जास्त देत नाही. २००९ मध्ये पावलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी एक नवी अट सुचवली, समोरच्याने मला जेवढे बिट पाठवले त्याहून जास्त माहिती मला त्याच्याकडून मिळवता येता कामा नये, आणि त्या अटीतून हा ८५.४ चा आकडा बरोबर येतो. पण क्वांटम थिअरी जेवढ्या जुळवण्या देते तेवढ्याच सगळ्या, ना एक कमी ना एक जास्त, या एका अटीतून निघतात असं अजून कुणी दाखवू शकलेलं नाही, आणि या प्रश्नावर अजून जोरात काम चालू आहे.